फिर्यादीने मीठ चाखायचं नाही

स्वतःवर खटला भरायचा, स्वतःलाच दोषी ठरवायचं आणि वर शिक्षा कमी झाली म्हणून स्वतःवरच चिडायचं, असा न्यायाधीश उभ्या हिंदुस्थानात एकच असेल आणि तो नेमका आमचा घरमालक निघाला. ह्यांची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि गार्डन रीचला ह्या चाचांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. पहिल्याच दिवशी चाचांनी नियम ऐकवला: जिन्यात चपला सोडल्या, तर शुक्रवारपर्यंत त्या त्यांच्या कपाटात जप्त! मी मनात म्हटलं, झालं, शाळा सुटली म्हणता म्हणता हेडमास्तर भेटले. पण त्या कपाटात चपला जायच्या त्या बहुतेक चाचांच्याच. एकदा तर किल्ली खिशात असून हा गृहस्थ चाचींच्या मोती लावलेल्या चपला घालून एस्प्लनेडला जाऊन आला. "काढा की तुमच्या," म्हटलं, तर म्हणाले, "जो कानून बनाए, पहले खुद माने, बेटी. वरना इन्साफ काहे का?"

"और मेरी चप्पल का इन्साफ?" चाची आतून ओरडल्या. कोर्ट लगेच उठलं.

खरा खटला उभा राहिला तो माझ्या लेकीच्या लग्नाच्या वर्षी, रमजानात. आमच्या घरातल्या प्रत्येक रुखवतात माझ्या आईच्या कुरडया असत. आई आदल्या वर्षी गेली, म्हणून मी पहिल्यांदाच एकटीने गहू भिजवून, चीक शिजवून कुरडया गच्चीवर वाळत घातल्या होत्या. पंप लावणाऱ्याने टाकी भरेपर्यंत जागचं हलायचं नाही, हाही चाचांचाच नियम. त्या दुपारी पंप लावून चाचा जागचे हलले नाहीत खरे, पण रोजाच्या ग्लानीत खुर्चीतच घोरू लागले. गच्चीवरची टाकी भरून वाहिली आणि माझ्या कुरडयांची लापशी झाली. मी गच्चीतच बसून रडले. आई पुन्हा गेल्यासारखं वाटलं.

चाचांनी जिन्यातच निकाल दिला. "मुजरिम मैं हूँ. कुरडी मैं बनाऊँगा." मी म्हटलं, "चाचा, मी माफ केलं." तर म्हणे, "माफी तेरा हक है, सजा मेरा!" मग काय! मी सांगत गेले आणि चाचा उपाशीपोटी, घामाघूम होऊन पातेल्यात चीक घोटत राहिले. मीठ बघायला मी बोट पुढे केलं, तर हात धरला. "फरियादी नहीं चखेगी. तू रहम कर देगी." चाचींचाही रोजा, म्हणजे चाखणार कोण? चाचांनी अंदाजाने मीठ घातलं, ते वळले तशी चाचींनीही घातलं. सोऱ्यातून सुंदर कुरडया पडल्या. संध्याकाळी मगरिबच्या अजानीला रोजा सोडताना खजुरावर चाचांनी उरलेला चीक तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा असा झाला की चाची हसता हसता पाणी प्यायचं विसरल्या. दुसऱ्या दिवशी गहू पुन्हा भिजले. अन्न टाकणं हा आणखी एक गुन्हा, म्हणून खारट कुरडया मुजरिमाने स्वतःच तळून संपवल्या.

दुसऱ्या खेपेच्या कुरडया वेड्यावाकड्या झाल्या, पण झाल्या. डबा मांडीवर घेऊन मी लग्नासाठी पुण्याला गेले. रुखवतात लेकीने कुरडयांपुढे चिठ्ठी ठेवली, 'आजोळच्या कुरडया'. एक मावशी म्हणाल्या, "अगं, पण तुझी आजी तर…" लेक म्हणाली, "आजोबा आहेत. गार्डन रीचला."

आता आमची तिथूनही बदली झाली आहे आणि इथे जिन्यात चपलांचा नुसता बाजार भरतो. मला चाचांची फार आठवण येते. लग्नाच्या रात्री ती चिठ्ठी मी त्यांना फोनवर वाचून दाखवली होती. मग चाचा हळूच म्हणाले, "नमक ठीक था ना, बेटी?"