बेल्टचा आवाज आणि टोरीचं तेल

माझ्या स्कूटरला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी एकेक जादा चाक बसवलेलं आहे. मोजली तर चाकं चार भरतात, पण गावात तिला तीनचाकीच म्हणतात. माझ्या उजव्या पायात लहानपणापासून जोर नाही. ही गाडी आहे म्हणून मी अहेरीच्या बाजाराला जाते, नाहीतर घरी बसले असते. नवरा तलावात जाळं टाकतो, मासे मी विकते. बाजाराचा रस्ता सागवानाच्या जंगलातून जातो. तिथे फोनला रेंज नसते, आणि नाल्याच्या पुढे एक लांब चढाव आहे. त्या चढावावर गाडी बसली, तर कुबडी घेऊन मी गावातही पोचणार नाही आणि बाजारातही नाही.

धानाची कापणी चालू असताना गाडी चिरकायला लागली. गाडी हलताना आणि चढावर आवाज जास्त यायचा. मोठी जाऊ म्हणाली, बाजूची चाकं घासत असतील. शेजाऱ्यांनी गिअर ऑइल संपलं असं ठरवून टाकलं. मी तपासून बघितलं. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली. चाकं फिरत होती, आवाज नव्हता. म्हणजे दोष चाकांच्या बेअरिंगचा नाही आणि मागच्या गिअरचाही नाही. मग अंगणात बाजूच्या चाकांखाली विटा सरकवल्या, तेव्हा मधलं चाक अधांतरी झालं. इंजिन सुरू करून रेस दिली, की चिरकणं हजर. डाव्या कव्हरच्या जाळीतून थोडं पाणी सोडलं, तर आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा आला. बेल्टच होता. इंजिनचा जोर मागच्या चाकापर्यंत नेणारा रबरी पट्टा त्या कव्हरच्या आत असतो. माझ्या गाडीवर जादा चाकांचं आणि बर्फाच्या पेटीचं ओझं, त्यामुळे तो लवकर गुळगुळीत होतो.

अहेरीचा मिस्त्रीही तेच म्हणाला. नवा बेल्ट चंद्रपुराहून यायचा होता, तोवर त्यानं मला एकच गोष्ट बजावली.

"बाई, आवाज येऊन राह्यला तोवर बेल्ट पकडून आहे असं समजा. आवाज बदलला का थांबा. पुढं जाऊ नका."

तेव्हापासून मी त्या आवाजावर गाडी चालवायला लागले. रोज संध्याकाळी अंगणात गाडी सुरू करायची, कान लावायचा, कालच्यापेक्षा जास्त आहे का बघायचं. जेवतानाही माझं डोकं तिथेच असायचं.

मग एका सकाळी आवाज बंद झाला.

बाजाराचा दिवस होता. पेटी बांधली, गाडी सुरू केली, रेस दिली. काहीच नाही. नवरा दारात उभा होता, म्हणाला, चांगलं झालं ना, सुधारली. मी म्हटलं, रबर आपोआप सुधरत नाही. तो म्हणाला, बेल्ट थंडीनं आखडला असेल. ते मला पटलं नाही, पण मासे बर्फावर होते आणि ऊन चढणार होतं. मी निघाले.

सपाट रस्त्यावर गाडी धावली. नाला ओलांडून चढाव लागला, तसं इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मंदावत गेली. मूठ पूर्ण पिळली तरी चाकाला जोर पोचत नव्हता. गाडी मागे सरकू लागली, तेव्हा ब्रेक दाबून इंजिन बंद केलं. कव्हरमधून धूर निघत होता. जळक्या रबराचा वास येणार हे ठाऊक होतं, पण त्याच्यासोबत दुसराही वास होता, आमच्या चुलीवरच्या कढईचा. टोरीचं तेल. मोहाच्या बियांचं हे तेल आमच्याकडे तळायलाही लागतं आणि बैलबंडीचा कण्हणारा आसही त्यानंच गप्प होतो. आमच्याकडे जे कुरकुरतं त्याला तेल देतात. गाडीचा बेल्ट मात्र कोरडा असला तरच पकडतो.

कोणी घातलं हे विचारायची गरज नव्हती.

किती वेळ बसले ते मोजलं नाही. रस्त्याच्या कडेला वाघापासून सावध राहा असा वनखात्याचा फलक होता. त्याच्याकडे पाठ करून बसावं की तोंड करून, एवढाच निर्णय माझ्या हातात होता. शेवटी डोक्यावर डाल्या घेतलेल्या दोन बाया बाजाराला पायी निघालेल्या मागून आल्या. काय झालं ते सांगितलं. त्यांनी डाल्या माझ्या पेटीवर ठेवल्या आणि मला गाडीवरून उतरू न देता मागून ढकलायला सुरुवात केली.

अर्ध्या चढावर एकीला धाप लागली. ती म्हणाली, "अवं बाई, गाडी तुले नेते का तू गाडीले नेतं?"

दुसरी म्हणाली, "दोघींलेबी आपूनच नेऊन राह्यलो."

त्या हसत होत्या, मीही हसले. पण पोत्यासारखं ढकललं जाणं मला कधीच आवडलेलं नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच नाही. चढाव संपल्यावर दोघींना मासे दिले. पुढचा रस्ता उताराचा आणि सपाट, गाडी चालत्या माणसाच्या वेगानं कशीबशी सरकली.

मिस्त्रीनं कव्हर उघडलं. आत काळा चिखल झाला होता आणि बेल्टच्या कडा फुगल्या होत्या. त्यानं बोट लावून वास घेतला आणि वर बघून विचारलं, वडे तळले का? पेट्रोलनं सगळं पुसून त्यानं दुकानातला एक जुना बेल्ट घरी जाण्यापुरता चढवला.

घरी पोचले तेव्हा नवरा जाळं विणत होता. मी विचारलं, "काऊन घातलं?"

त्यानं मान वर केली नाही. "तू रोज कान लावून बसत होती. मले पाहवत नव्हतं."

"मग पाहू नका. मले ऐकू द्या. तो आवाज बंद करून तुम्ही मले चढावावर बसवलं."

"मले काय मालूम, त्याले तेल चालत नाई म्हणून."

"मालूम नव्हतं तर सांगाचं होतं. सकाळी रबर सुधरत नाई म्हटलं, तरी थंडी सांगितली."

तो जाळं विणत राहिला. मीही पुढे ताणलं नाही. माझ्यासाठीच केलं होतं, हे मला कळत होतं. त्यामुळे राग कमी व्हायला हवा होता, झाला नाही.

आता नवा बेल्ट बसवला आहे. चढावाच्या भीतीनं मी पेटी अर्धीच भरते, उरलेले मासे गावात मिळेल त्या भावानं जातात. गाडी चिरकत नाही. पण आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, असं मला आता वाटत नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी निघण्याआधी मी कव्हरच्या जाळीला बोट लावते आणि ते नाकाशी नेते. नवरा तिथेच पेटी बांधत असतो. तो बघतो, आणि दोरीची गाठ पुन्हा एकदा आवळतो.