ठमाबाईच्या वर्गातला मामलेदार

पूर्णगडच्या ठमाबाईने जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती, पण एक शाळा मात्र काढली. बसायची त्यात माणसंच, पण सुधारायची त्यांची जनावरं. एकोणीसशे तीसच्या आगेमागे गावातल्या होड्या अमावास्येला दर्यात जात नसत. त्या दिवशी सकाळी खाडीकाठच्या उंडीच्या झाडाखाली सारी कोळीवाडी जमायची. कुणाच्या कडेवर मांजर, कुणाच्या काखेत कोंबडा, कुणाच्या दोरीला कुत्रा आणि कुत्र्याच्या दोरीला फरफटत येणारा मालक.

ठमाबाईचा नवरा हयात असताना मुंबईला बग्गीच्या घोड्यांच्या तबेल्यात होता. तिथे राहून तिने घोड्यांचं जे जे पाहिलं, ते ते गावी येऊन मांजरांना लागू केलं. कुत्र्याच्या खरजेवर करंजेल, कोंबडीच्या उवांवर चुलीतली राख, मांजराला खारवलेला बांगडा बंद. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण जनावराला नाव पाहिजे आणि खायला घालताना त्याच्याशी दोन शब्द बोललं पाहिजे, नाहीतर खाल्लेलं अंगी लागत नाही, हाही तिचा नेम होता.

"नाव नाय तर वर्गात बसायचं नाय," ती दरडावायची.

त्यामुळे स्वतःच्या बायकोला कधी नावाने हाक न मारलेला धाकू तांडेल भर किनाऱ्यावर "ये रं माज्या बाजीराया" म्हणून कुत्र्याला भात भरवू लागला. त्याची बायको हे दारातून बघायची आणि त्या दिवशी आमटीत मीठ विसरायची.

खुद्द ठमाबाईच्या कोंबड्याचं नाव होतं मामलेदार. लालबुंद तुरा, छाती पुढे, आणि चाल अशी की वाटेतल्या बेडकालासुद्धा आपला शेतसारा थकलाय की काय असं वाटावं. पहाटे आरवणं त्याच्या इतमामाला शोभत नसे. उन्हं वर आल्यावर सवडीने आरवायचा, आणि मग ठमाबाईच्या मागोमाग मासळीच्या लिलावाच्या जागी हजर व्हायचा.

दोन वर्षांत वाडीतली जनावरं अशी काही तरतरीत झाली की परगावचे पाहुणे माणसांआधी त्यांची चौकशी करू लागले. आणि घोटाळा झाला तो तिथेच.

पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढून घेतल्या की गावाची राखण असायची. वेशीवरच्या राखणदाराच्या पाषाणाला एक कोंबडा द्यायचा, की येत्या हंगामात होड्या सुखरूप परत येतात. पाळीपाळीने एकेका घराने तो द्यायचा. पूर्वी लोक घरातला सगळ्यात मरतुकडा कोंबडा नेऊन देत, आणि राखणदार बिचारा काही बोलत नसे. बोलायचा तो गावचा मानकरी, रावजी गावकार. कारण राखणदाराला वास आणि गावकाराला तंगडी ही वाटणी वाडवडिलांपासून ठरलेली, आणि त्या तंगडीत दाताला लागेल असं काही नसायचं.

त्या साली पाळी ठमाबाईची आली. रावजी स्वतः तिच्या अंगणात आला, आणि बोलता बोलता त्याची नजर मामलेदाराच्या मांडीवरून हलेना.

"वयनी, यंदा राखणदार खूश व्हनार बगा."

"नारळ देते, भावजी. दोन देते. मामलेदार मिळायचा नाय."

"कोंबड्याला मामलेदार म्हटलं म्हंजे काय तो सरकारी झाला?"

"तुमाला गावकार म्हटलं, म्हून तुमी काय गावाचं मालक झालात?"

रावजी लाल झाला. "वाळीत टाकीन! तुज्याशी कोन बोलनार नाय."

"टाका. पन आदी अमावास्येला झाडाखाली येऊन बगा, वाळीत टाकायला तुमच्या बाजूला कोन उरलाय ते."

रावजीने बदली कोंबड्यासाठी घरोघर चक्कर मारली. पण सगळीकडे शाळेचे विद्यार्थी. एका घरी 'फौजदार' होता, एका घरी 'पिलाजी'. एवढी बोलणीचालणी झालेल्या कोंबड्याच्या मानेवर सुरी ठेवायला कुणाचा हात धजेना.

सारी वाडी रावजीच्या फजितीला हसली, एकटी चिमा मात्र हसली नाही. तिचा एकुलता मुलगा होडीवर होता. ती ठमाबाईच्या ओटीवर येऊन बसली. "माजा पोरगा दर्यात जातो, ठमे. तुज्या हट्टापायी त्याला काय झालं तर?"

 ठमाबाई म्हणाली, "माजा भाव दर्यात बुडाला त्या साली राखनीला दोन कोंबडं दिलं व्हतं, चिमे. मी स्वतः दिलं व्हतं." चिमा उठून गेली, पण तिची समजूत पटली नव्हती.

राखणीच्या दिवशी सारा गाव वेशीवर जमला. ठमाबाई आली ती मामलेदाराला काखेत घेऊन. बाई नमली, असं समजून रावजीने सुरीला धार लावली. पण पाषाणापुढे गाऱ्हाणं घालायला तो घसा खाकरतो आहे तोवर ही पुढे झाली. गाऱ्हाणं घालायचा मान गावकाराचा. बाईमाणसाने तिथे तोंड उघडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"बा राखनदारा, औंदा होड्या सुखरूप आनल्यास!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. गाऱ्हाण्याची ओळ कानावर पडली की कोकणी माणसाच्या तोंडून हे निघतंच. त्यासाठी डोकं लागत नाही.

"म्होरल्या साली बी अशीच नजर ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"पोराबाळांची, गुराढोरांची, कोंबड्यामांजरांची इडापिडा टाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि आजपासून नारळावर संतोस मान!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज रावजीचा. जन्मभराची सवय, तिला तो तरी काय करणार!

मग सगळ्यांच्या माना रावजीकडे वळल्या. रावजीचं तोंड उघडंच होतं.

"ह्यो व्हय धरायचा नाय!" तो ओरडला. "माज्या तोंडातून चुकून आला!"

म्हातारा आप्पा गुरव फुलं आवरत म्हणाला, "गावकार, देवाच्या पुड्यात व्हय म्हनालात. आता नाय म्हनायचं तर तुमीच सांगा त्याला. माज्यात हिंमत नाय."

रावजीतही नव्हती. ठमाबाईने ओच्यातून काढून दिलेला नारळ त्याने असा आपटला की तीन तुकडे झाले, आणि त्यातला मोठा स्वतःच्या टोपीत घातला.

गाव हसत घरी गेला. पण नारळी पुनवेनंतर होड्या सुटल्या आणि तो सबंध हंगाम ठमाबाई रोज संध्याकाळी किनाऱ्यावर उभी राहू लागली. कुणी विचारलं तर म्हणे, "मासळी बगायला आले." पण टोपली वाळूत पालथी, आणि नजर चिमाच्या मुलाच्या शिडावर. एकदा वारा उलटला आणि ती होडी अंधार पडेपर्यंत दिसेना, तेव्हा चिमा आणि ती शेजारी शेजारी उभ्या होत्या. शीड दिसलं तशी चिमा पाण्याकडे धावली. मागे रावजीही येऊन थांबला होता.

"भ्यालीस काय, वयनी?" त्याने हळूच विचारलं.

"भ्याले तर!" ठमाबाई टोपली उचलत म्हणाली. "म्हून काय कोंबडा देनार व्हते?"