घाबरलेला कोंबडा

सुरी हाती आली की आबा आधी तिची धार नखावर फिरवून बघत. धार कुठे जराशी अडखळली तर सुरी पुन्हा दगडावर. मसुऱ्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून गेले तेव्हा हे माझे शेजारी. कुणाच्याही घरची कोंबडी कापायची असली की बोलावणं त्यांनाच. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल.

त्यांचे नियम ठरलेले. आदल्या संध्याकाळी दाणे बंद, पाणी चालू. कोंबडी धावून धरायची नाही, पहाटे खुराड्यातून अलगद उचलायची. बाकीच्या कोंबड्यांसमोर कापायची नाही. घाव एकच, आणि ती पुरती शांत होईपर्यंत हातातून सोडायची नाही. “भियालल्या जीवार सुरी घालूची नाय,” एवढंच ते सांगत.

साठ सालच्या आसपास, गाव सांभाळणाऱ्या राखणदार देवाला दरवर्षी कोंबडा देतात त्या राखणेला, मानकऱ्यांचा कोंबडा दोरीतून निसटला. पाच माणसांनी शेतभर पिटाळून त्याला पकडलं आणि पाय धरून उलटा लटकावत आणला. उन्हं चढली होती, सगळे खोळंबले होते. आबांनी त्याला काखेत घेतलं आणि तसेच बसून राहिले.

“काप,” मानकरी म्हणाले.

“वायच थांबा.”

आबा मानकऱ्यांचंच शेत कसत. मानकरी अगदी जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “उद्यापासून माज्या शेतात पाय ठेवू नको.”

कोंबड्याची चोच उघडी होती, अंग धपापत होतं. मला वाटलं, आता यांनी कापावं, एका पक्ष्यापायी घर उघड्यावर पडेल. हळूहळू चोच मिटली. तरी आबा थांबलेच. मग त्यांनी कोंबड्याची मान वळवून घाव घातला आणि पाखराचं अंग शेवटपर्यंत छातीशी घट्ट धरून ठेवलं.

शेत गेलं. गावातून कुणी शब्द टाकला नाही, मीही नाही. महिन्याभरात ते मुलीकडे बांद्याला निघाले. एसटीची वाट बघताना मी विचारलं, कोंबडा शांत झाल्यावरही एवढा वेळ का थांबलात?

“तो कधीच थंड झाललो, बाई,” ते म्हणाले. “माजोच हात थरथरत होतो.”

गाडी आली. बोचकं पोटाशी धरून ते मागच्या बाकावर बसले. पुन्हा कधी दिसले नाहीत.