बॉथेल ते बेलिंगहॅम, गांज्याच्या बरण्या हुंगत

पन्नाशीत कुणी सायकल घेतं, कुणी योगा करतं. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, गांजा घ्यायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत 'एक्सप्लोअर केला'. इराच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या, लग्नाची धावपळ सुरू व्हायच्या आत एक ट्रिप करू, म्हणाला. शनिवारी सकाळी बॉथेलहून उत्तरेला निघालो, वाटेतल्या दुकानांतले वाण चाखून तुलना करायला. चाखणारा तो, ड्रायव्हर मी. आमच्या राज्यात गांज्याला परवानगी आहे, पण मी अजून ग्रीन कार्डवर आहे, इथली नागरिक नाही, आणि केंद्राच्या कायद्यात हा आजही गुन्हाच. तुमचंही तसंच असेल तर लांबून मजा बघा, हात लावू नका.

एव्हरेटचं दुकान एखाद्या सोनाराच्या पेढीसारखं चकाचक. दारात वयाचा दाखला मागितला. टक्कल दिसत असूनही मागितला म्हणून मिलिंद जाम खूश. रोख पैसे न्या, कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि वर टॅक्स सणसणीत लागतो. काउंटरवरच्या मुलीने पुढे केलेल्या बरणीला नाक लावून मिलिंद म्हणाला, "आधी पाईन, मग लेमन, शेवटी ओली माती. वॉव, यार!" घरच्या आमटीत चिंच आहे की आमसूल, हे या माणसाला आजवर ओळखता आलेलं नाही.

पार्किंगमध्येच साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. "रवीला पत्रिका द्यायची ना रे?"

रवी मिलिंदचा धाकटा भाऊ. कॉलेजात असताना चिलीम ओढताना सापडला, तेव्हापासून घरच्या एकाही कार्याला त्याला बोलावलेलं नाही.

"अजिबात नको, आई. मांडवात गांजेकस नको मला," मिलिंद म्हणाला. नुकतीच घेतलेली पुडी मांडीवरच होती.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आणि तू कोण?"

"इथे लीगल आहे गं. फरक असतो."

मला आधी हसू आलं, मग भयंकर राग आला. माउंट व्हर्ननला फिश टॅको उत्तम मिळाले, पण मी ते रागातच खाल्ले.

बेलिंगहॅमला हॉटेल घेऊ नका, तिथे ओढू देत नाहीत, रस्त्यावरही मनाई. मालक परवानगी देईल असं भाड्याचं, अंगणाचं घर बघा. लिंबाच्या वासाच्या वाणाने मिलिंदला 'क्रिएटिव्ह' वाटलं, म्हणजे तो बराच वेळ कुंपणाकडे बघत बसला. डिझेलच्या वासाच्या वाणाने आमचा अख्खा चिवडा संपवला. तिसऱ्याबद्दल मत मिळालं नाही, कारण परीक्षक बुटांसकट झोपले होते.

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. गाडीला अजून वास येतोय. बॅगा तशाच ठेवून मी मिलिंदसमोरच रवीला फोन लावला, स्पीकरवर.

"इराच्या लग्नाला यायचं हं. हे माझं आमंत्रण."

तो म्हणाला, "वहिनी, मी ते कधीच सोडलंय. दादाला सांगाल का?"

मिलिंद हातातल्या पुडीकडे बघत होता.

"दादा ऐकतोय," मी म्हटलं. "तू बिनधास्त ये. मांडवात एक गांजेकस असणारच आहे. तो नवरीचा बाप आहे, त्याला जरा सांभाळून घे."