बारा खुंट्या

१९७३ साली आमचा वर्ग नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावामागे, टिनाच्या छताखालच्या दोन खोल्यांत भरायचा. बांधकाम खात्याने नव्या ओव्हरसियरांसाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण काढलं होतं. रस्त्याची आखणी, जमिनीचं संपादन, वाहनांची मोजणी. सकाळी वामनराव साहेब फळ्यावर नकाशे काढायचे. दुपारी लहानूजी आम्हाला शेतात नेऊन साखळी धरायला शिकवायचे. फळ्यावरचं आता बरंचसं पुसलं गेलं आहे. त्या दुपारी मात्र अजून आठवतात, काळ्या मातीच्या वासासकट.

लहानूजी गजभिये चेनमन होते, म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी ओढणारे. खात्याच्या यादीत त्यांच्या खाली कुणी नव्हतं. छप्पन साली घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच वर्षी त्यांनी सही शिकून घेतली आणि पुन्हा कुठे अंगठा उठवला नाही. वाळका, उंच माणूस. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत धूळ. साखळी ओढताना नुसत्या आवाजावरून सांगायचे, कुठली कडी वाकली ते.

"पोट्टेहो," ते म्हणायचे, "तुम्ही कागदावर रेघ मारता. ते रेघ कोनाच्या तरी चुलीवरून जाते. पाहून मारत जा."

त्यांचा नियम एकच होता. संध्याकाळी निघताना आखणीसाठी ठोकलेल्या खुंट्या मोजायच्या. चाळीस नेल्या, चाळीस परत आणायच्या, आणि भोकं पायाने बुजवायची. आम्ही हसायचो.

"लहानूजी, लाकडाचे तुकडे तर आहेत."

"भैताड, लाल रंग लावला का ते लाकूड नाही राहत. सरकार होते."

दिवाळीआधीचा शेवटचा सराव उमरेड रोडवरच्या एका शेतात होता. खरिपाचं पीक निघालेलं, जमीन वखरून तयार. लहानूजींना ताप होता, ते आले नव्हते. खुंट्या गोळा करायची पाळी माझी होती. मी निम्म्याहून जास्त उपटल्या असतील, तेवढ्यात उमरेडहून येणारी एस.टी. धूळ उडवत दिसली. म्हटलं, उद्या यायचंच आहे, राहू द्या. दुसऱ्या दिवशी वामनरावांनी अचानक परीक्षा घेतली. तिसऱ्या दिवशी सुट्टी लागली.

सुट्टीनंतर लहानूजींनी पेटीतल्या खुंट्या मोजल्या. अठ्ठावीस भरल्या. कुणी सोडल्या, हे त्यांनी विचारलं नाही.

"कोनतं शेत?" एवढंच म्हणाले.

मी सांगितलं आणि त्यांच्यासोबत निघालो.

आजूबाजूच्या शेतांत हरभरा वर आला होता. मधला तीन एकरांचा तुकडा तसाच काळा, उघडा. त्यात आमच्या बारा खुंट्या सरळ ओळीत उभ्या होत्या आणि प्रत्येकीभोवती बाभळीच्या काट्यांचं गोल कुंपण होतं.

शेताची मालकीण मनकर्णाबाई बांधावर होती. पन्नाशीची, एकटी बाई. आम्हाला पाहून उठली.

"ढोरं पाडतीन म्हणून काटे लावले जी. सरकारी खुंटी हलली त जेल होते म्हणते. एकही हलली नाही. मोजून घ्या."

"पेरलं काहून नाही, बाई?" लहानूजींनी विचारलं.

"रोड जाते ना इथून. बियाणं काय ट्रकखाली घालू?"

मोजणीची खूण हलवणं गुन्हा आहे, हे आम्ही वहीत लिहून घेतलं होतं. तिने ते आमच्यापेक्षा नीट पाळलं होतं.

लहानूजी वाकले. खोलवरची मूठभर माती काढून दाबली. गोळा जेमतेम झाला.

"चार दिवसाची ओल आहे," ते म्हणाले. "मंग गेलं. बाई, ह्या पोट्ट्यायच्या शिकायच्या खुंट्या होत. रोड नाही येत इथून. पेर वं."

"तुमच्या तोंडानं आज गेला, उद्या तुमच्याच तोंडानं येईन. कागद द्या."

आम्ही वामनरावांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लेखी? त्या शेतात शिरायची परवानगी तरी आपण घेतली होती का? तोंडी सांगा तिला."

"तोंडी आयकत नाही जी."

"मग मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईच्या बांधावर बसून लहानूजींनी सांगितलं आणि मी लिहिलं. या शेतातून रस्ता जात नाही, खुंट्या शिकणाऱ्यांच्या होत्या, चुकून राहिल्या. लिहून झालं. खाली सहीची जागा होती. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी पेन धरून बसून राहिलो. लहानूजींनी क्षणभर वाट पाहिली, मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून सही केली, एकेक अक्षर सुटं.

मनकर्णाबाईने कागद उलटसुलट पाहिला.

"हे साहेब काहून नाही करत सही?"

"त्यायचा हात दुखून राहिला."

"अन् तुम्ही कोन जी?"

"मी साखळी ओढतो."

"मंग तुमच्या सहीनं काय होते?"

"काहीच नाही होत. पण खोटं निघालं त तुले मले धरता येईन. साहेबाले कोठं धरत फिरशीन?"

ती हसली. पहिल्या खुंटीचे काटे बाजूला करून तिने ती उपटली आणि लहानूजींच्या हाती दिली. दुपारपर्यंत शेजारची बैलजोडी आणि तिफण आली. लहानूजी बैलांपुढे, ती मागे मूठमूठ बी सोडत. मी भोकं बुजवली.

तो कागद तिने तलाठ्याला दाखवला आणि तिथून तो वामनरावांच्या टेबलावर आला. त्यांनी वर्गातच विचारलं, खुंट्या कुणी सोडल्या? मी तिसऱ्या बाकावर होतो. लहानूजी दाराशी साखळी गुंडाळत होते.

"माह्या खुंट्या जी, माहीच चूक," ते म्हणाले.

आठवड्याभरात त्यांना बुटीबोरीकडच्या रस्त्याच्या गँगवर धाडलं, गिट्टी पसरायला. वर्गाला दुसरा चेनमन मिळाला. तो खुंट्या मोजत नसे.

माघात मी एकटाच त्या शेतावर गेलो. हरभरा शेजारच्यापेक्षा बुटका होता, पण घाटे धरले होते.

"तो साखळीवाला काहून नाही आला?" मनकर्णाबाईने विचारलं.

मी सांगितलं. खुंट्या मी सोडल्या, सही मी करायला हवी होती, तेही सांगितलं. हरभरा उपटणारे तिचे हात थांबले नाहीत.

"मले काहून सांगता? माहा हरभरा झाला. ज्याचं गेलं त्याले सांगा." आणि ओल्या हरभऱ्याची पेंढी माझ्या हातात कोंबली. "हे त्याले."

नागपुरात बस बदलून मी तसाच बुटीबोरीला गेलो. लहानूजी गिट्टीच्या ढिगाजवळ बसले होते. मी सगळं बोललो, बरंच बोललो. ते एकेक घाटा फोडून दाणे तळहातावर घेत राहिले.

"बाजूच्या एवढाच भरला का दाना?"

"थोडा बारीक आहे."

"बारीकच राहीन. उशीर झाला ना." त्यांनी दाणे तोंडात टाकले, चावून पाहिले. "पण गोड आहे." मग पेंढी माझ्याकडे सरकवली. "खा. मीठ नाही आहे इथी."