पंगतीतून आधी कोणी उठायचं

तमाम नागपूरकरांना, आणि विशेषतः ज्यांच्याकडे उन्हाळ्यात व्याही रस खायला येतात अशा सर्व कुटुंबांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की माणूस जसा उपासमारीने अडचणीत येतो तसाच तो आदबीनेही येतो. आमच्या घरी मे महिन्यातल्या एका दुपारी दोन सभ्य गृहस्थ पाटावर जेवायला बसले ते उठेचनात. त्यांना कोणी बांधून ठेवलं नव्हतं. एकमेकांचा मान राखता राखता ते अडकले होते, आणि त्यांच्यापायी माझ्या मोठ्या बहिणीची नोकरी अडकली होती. ही घोषणा मी पूर्ण शुद्धीत आणि भरल्या पोटी करते आहे.

पहिले गृहस्थ म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत कारकून, नागपुरातल्या महाल भागात भाड्याचं घर. आमचे पूर्वज राजेशाहीच्या काळात इकडे आले आणि राजवाड्यात कामाला लागले, एवढंच वडील सांगत. नेमकं काय काम, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. माझा आपला संशय होता की ते वाढपी असावेत, कारण आमच्या घरचे बहुतेक सगळे नियम जेवणाविषयी होते. मोठ्यांच्या आधी घास उचलायचा नाही. तांब्या ओठाला लावायचा नाही. पाहुण्याची वाटी रिकामी दिसली की ती तात्काळ भरायची, कारण रिकामी वाटी म्हणजे यजमानाची बेअब्रू.

वडिलांची आदब घरापुरती नव्हती. रसाचे आंबे आणायला मी त्यांच्याबरोबर इतवारीच्या बाजारात गेले होते. तिथल्या बोळात मागून हातगाडी आली, गाडीवाला ओरडला, "ए काका, बाजू!" आणि गाडीचा दांडा वडिलांच्या कमरेत बसला. वडील भिंतीला चिकटले आणि म्हणाले, "या, या." जणू गाडी आमच्याकडे चहाला आली होती.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला एकच खोड होती. कुठलाही नियम दिसला की मी त्याचं कारण विचारायची, "काहून?"

"काहून म्हणजे?" वडील म्हणत. "रीत आहे."

"पण केली कोणी?"

"तू जेव."

हे उत्तर मला कधी पटलं नाही. मला खरंच कुतूहल होतं. नियम करणारा तो पहिला माणूस कसा दिसत असेल? सगळे मुकाट्यानं जेवत असताना तो एकदम उठून उभा राहिला असेल का, हात वर करून? आणि त्याला कोणी "काहून?" असं विचारलं नसेल का? कॉलेजात इतिहास शिकवत होते, पण त्यात हा माणूस कुठे भेटला नाही.

दुसरे गृहस्थ म्हणजे ताईचे सासरे. काटोलकडचे शेतकरी, संत्र्याची बाग, कापूस, आणि शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावरच्या माणसाशी बोलायची सवय असल्यामुळे भलामोठा आवाज. पण आमच्या घरात शिरले की हा आवाज ते चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत आणि कुजबुजत बोलत. ताईचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. भावजी इथेच नागपुरात नोकरीला, त्यामुळे ताईचा संसार इथेच, सासू-सासरे गावी. त्या दिवशी तिघंही आमच्याकडे रस खायला येणार होते.

आता ताईची गोष्ट. तिनं लग्नाआधी बी.एड. केलं होतं आणि तिला मास्तरीण व्हायचं होतं. सीताबर्डीकडच्या एका मुलींच्या शाळेच्या बड्या बाईंनी तिला त्याच दिवशी दुपारी तीनला मुलाखतीला बोलावलं होतं. जागा एकच होती. भावजींचा होकार होता. पण सासऱ्यांना विचारल्याशिवाय मी शाळेची पायरी चढणार नाही, असं ताईनं ठरवलं होतं. भीती म्हणून नाही. त्या माणसानं तिला कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती, आणि अशा माणसाच्या मागे काही करायचं तिच्या जिवावर आलं होतं.

मग विचारायचं कधी? पाहुणा आल्या आल्या, हातात पाण्याचा पेला असताना, काही मागायचं नाही, हा एक नियम. जेवताना पाहुण्यापुढे कामाचं बोलणं काढायचं नाही, हा दुसरा. राहिली सुपारीची वेळ. साडेबाराला पंगत, दीडला सुपारी, सुपारीवर विचारणं, अडीचला सायकलरिक्षा. ताईनं परीटघडीची निळी साडी आतल्या खोलीत दोरीवर टांगून ठेवली होती आणि जाता-येता ती तिच्याकडे पाहत होती.

गावाकडची बस उशिरा आली. पाटावर बसायलाच दीड वाजला.

समोरासमोर पाट मांडलेले. एकीकडे सासरे आणि त्यांच्या शेजारी भावजी, दुसरीकडे वडील. खिडकीतला कूलर वाळ्याचा वास आणि घरघर दोन्ही पुरवत होता. आई आणि विहीणबाई स्वयंपाकघरात, कारण बायकांची पंगत पुरुष उठल्यावर. आई तर व्याह्यांसमोर तोंडच उघडत नसे. वाढायला ताई आणि मी. शेवया, पोळ्या, कुरडया, भजी आणि मध्ये रसाचं पातेलं.

"घ्या व्याहीबुवा, संकोच नको."

"पोट भरलं इवाई." इवाई म्हणजे व्याही, सासरे आमच्या वडिलांना असंच म्हणत.

"असं कसं? एक वाटी."

"तुम्ही घेता त घेतो."

वडिलांनी घेतली, मग सासऱ्यांनी घेतली. इथवर सगळं रीतसर होतं. रस झाला, वरणभात झाला, कढीभात झाला. सासऱ्यांनी ताट चाटूनपुसून लख्ख केलं आणि ते बसून राहिले. वडिलांच्या ताटात मिठाशेजारी भाताची चार शितं होती. ती बोटानं इकडून तिकडे नेत तेही बसून राहिले.

सासऱ्यांनी वडिलांच्या ताटाकडे पाहिलं. वडिलांनी सासऱ्यांच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं आणि माझ्याकडे डोळे वटारले. रिकामी वाटी! मी धावत जाऊन रस वाढला. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बैल जादा ओझ्याकडे पाहतो, आणि निमूटपणे पिऊन टाकला. वाटी रिकामी. वडिलांचे डोळे. मी पुन्हा हजर.

"बाप्पा," ते कुजबुजले, "लय आग्रह करता इवाई तुम्ही."

"आपल्यासारखे पाहुणे रोज थोडेच येतात?" वडील म्हणाले आणि त्यांनी शितं डावीकडे सरकवली.

बाहेर रिक्षाची घंटी वाजली. ताईच्या हातातला पळा कलंडला आणि कढी पाटावर सांडली. अडीच वाजले होते.

आता मात्र मला राहवेना. दोघांचंही पोट भरलेलं दिसत होतं. वडील तर घामानं निथळत होते. मग उठत काहून नाहीत? मी स्वयंपाकघरात गेले आणि चौकशी सुरू केली. विहीणबाई भिंतीला टेकून पदरानं वारा घेत होत्या.

"आत्याबाई, मामाजी उठत काहून नाहीत?"

"अवं, तुये बाबूजी उठा म्हणतीन तवाच त उठतीन," त्या म्हणाल्या. "घरधनी म्हणल्याबिगर पाट सोडाचा नाही. सोडला त जेवण आवडलं नाही असं होते. आमच्यात तसंच असते."

मी आईकडे वळले. आई पांढरी पडली होती.

"हे कसे म्हणतील गं?" ती पुटपुटली. "यजमानानं पाहुण्याला 'उठा' म्हणायचं म्हणजे हाताला धरून बाहेर काढणं. पाहुणा आपण होऊन उठेपर्यंत यजमानानं ताटात काहीतरी ठेवून जेवत राहायचं. नाहीतर पाहुण्याला वाटतं, आपण एकटेच खातोय."

मला इतका आनंद झाला की मी ओट्याला धरून हसत सुटले. केवढी देखणी भानगड! सासरे थांबले होते वडिलांच्या शब्दासाठी, वडील थांबले होते सासऱ्यांच्या उठण्यासाठी. एकाच्या घरचा सगळ्यात मोठा मान दुसऱ्याच्या घरचा सगळ्यात मोठा अपमान होता. दोघंही काटेकोर वागत होते, आणि असेच वागत राहिले असते तर अधूनमधून रस वाढत आम्ही त्यांना पावसाळ्यापर्यंत नेलं असतं.

"मग तू सांग न बाबूजींना," मी आईला म्हटलं.

"व्याह्यांच्या देखत? मी?"

"आत्याबाई, तुम्ही?"

"माह्या डोक्यावरून पदर घसरला नाही पंचवीस वर्सांत. आता दुसऱ्याच्या घरी जाऊन मानसाले उठा म्हनू?"

राहिले भावजी. मी दारातून त्यांना खुणा केल्या. त्यांनी आपल्या बापाकडे पाहिलं, माझ्या वडिलांकडे पाहिलं आणि पोळीचा तुकडा तोंडात टाकून मुकाट्यानं चावत राहिले. दोन वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, हा नियम दोन्ही घरांत एकच होता, आणि तो मलाही लागू होता.

मग मी प्रयोग केला. सासऱ्यांची वाटी रिकामी होती तरी भरली नाही. पातेलं घेऊन खांबासारखी उभी राहिले. वडिलांनी डोळे वटारले, मी छताकडे पाहिलं. वडील खाकरले, मी कूलरकडे पाहिलं. शेवटी त्यांनी स्वतः पातेल्याकडे हात लांब केला आणि उष्ट्या हातानं वाढता येत नाही हे आठवून तो तसाच हवेत ठेवला. तेवढ्यात सासऱ्यांनी आपली वाटी पालथी घातली. आमच्याकडे हे कधी कोणी केलं नव्हतं. वाटी पालथी म्हणजे रसाला नाव ठेवलं की काय, या विचारानं वडिलांचा चेहरा पडला. तो पडलेला पाहून सासऱ्यांनी घाईघाईनं वाटी पुन्हा सुलटी केली. आणि मला ती भरावी लागली.

बाहेरून रिक्षावाला ओरडला, "बाईजी, चलना है के नहीं? दूसरी सवारी बैठा लूँ क्या?"

"रुको भैया!" मी ओरडले.

"कोण आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"कोणी नाही, कोणी नाही, आपण सावकाश जेवा," वडील म्हणाले. त्यांनाही ठाऊक होतं रिक्षा कोणासाठी आली ते. मुलीची मुलाखत त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती, आणि ओठांवर 'सावकाश जेवा' होतं. एका माणसाला दोन चेहरे इतके जवळजवळ ठेवता येतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी वळले तर ताई जाग्यावर नव्हती. आतल्या खोलीच्या दोरीवर निळी साडीही नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा निळ्या साडीत होती. डोक्यावर पदर, काखेत पर्स, पायांत अजून काही नाही. ती दोन्ही बाजूंच्या पाटांच्या बरोबर मध्ये येऊन उभी राहिली, खाली वाकली, सासऱ्यांच्या ताटासमोरच्या जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि उभी राहिली. मग एकही शब्द न गिळता ती म्हणाली,

"मामाजी, मला शाळेत शिकवायचं आहे. तीन वाजता बोलावलं आहे, रिक्षा दारात उभी आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही. आणि तुम्ही उठल्याशिवाय मला विचारता येत नाही. म्हणून बसल्या जागीच विचारते. जाऊ का?"

 वडिलांचं बोट चार शितांवर थांबलं. भावजींचा पोळीचा तुकडा गालातच राहिला. स्वयंपाकघराच्या दारात दोन पदर एकमेकांना चिकटून उभे होते. सासऱ्यांनी आधी ताईकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पातेल्याकडे, मग वडिलांकडे.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. रिक्षावाल्यानं ताईला अशी पळवली की ती तीनच्या आधी पोहोचली. ती जागा तिलाच मिळाली, आणि तिनं तिथे इतकी वर्षं शिकवलं की पुढे तिच्या विद्यार्थिनींच्या मुलीही तिच्या वर्गात येऊन बसल्या. त्यानंतर दरवर्षी सासरे रस खायला आले. कढीभात वाढला जात असतानाच वडील घसा साफ करून म्हणत, "व्याहीबुवा, मी 'उठा' म्हटलेलं आहे, बरं का. आपण हवं तेव्हा उठा." हे म्हणताना ते दर खेपेला लाजत. आणि सासरे पाटावर बसण्याआधीच सुनेला विचारत, "पोरी, आज कुठं जायाचं त नाही न तुले?"

मात्र त्या दुपारी, वडिलांकडून नजर काढून ताईकडे वळता वळता, सासऱ्यांनी दाराबाहेर काढून ठेवलेला तो बागेतला आवाज एकदम घरात घेतला. कूलरची घरघर ऐकू येईनाशी झाली, बाहेरचा रिक्षावाला सीटवरून उतरून दारात येऊन उभा राहिला, आणि सासरे ओरडले:

"अवं, त जा न पोरी! अन् जाता जाता तुह्या बाबूजीले सांग, आता तरी मले उठा म्हणा, माह्या पायाले अशा मुंग्या आल्या का हे पाय माहे हायेत का इवाईचे, तेच समजून नाही राहिलं!"