ठमीताईंचं कॉलेज

थळच्या ठमीताई बाजारात सुकी मासळी विकत. सातवीत सुटलेली शाळा त्यांनी चाळिशीनंतर पुन्हा धरली, यंदा बाहेरून बारावी झाल्या आणि त्यांना अलिबागच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पहिल्या सत्राच्या पुस्तकांना त्यांची शिक्षिका लेक, प्राप्ती, कव्हरं घालत होती.

"आये, फॉर्मवर पालकाची सही राहिली हाय," ती म्हणाली.

"मग तूच कर."

प्राप्तीनं पेन उचललं, पण तिचे डोळे भरून आले. लेकीनं सावकाश, वळणदार अक्षरात केलेली सही ठमीताई अभिमानानं बघत राहिल्या. मग नवी पिशवी खांद्याला लावून त्यांनी शेजारणीला हाक मारली.

"सोमवारपासून मी बाजारात दुपारी बसणार. सकाळी माझं कॉलेज हाय."